नाव विचारणारा डबा

१

लीलाधरला कोणी सांगितलं नव्हतं तो डबा घरात आण म्हणून.

आमचं घर असोदा रोडला. पुढं ओटा आणि पिठाची गिरणी, मधे एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि मोरी. गिरणी माझी. सकाळी लाईट आली की पट्टा चढवायचा, बायकांचे डबे नंबरानं लावायचे, दाणे ओतायचे, पीठ काढायचं. मी दुसरीपर्यंत शिकलो. पुढं काही अडलं नाही. बाया डब्यांवर नावं टाकून आणतात, मी ती वाचतच नाही. पोचा पडलेला डबा बेबाबाईचा. झाकणाला दोरी बांधलेला कलाबाईचा. डबा बघितला की बाई आठवते. आजवर एकीचं पीठ दुसरीच्या घरी गेलं असेल तर चुकून, आणि ते मी स्वतः जाऊन परत ठेवून आलोय.

लीलाधर माझा मुलगा. एका कापसाच्या पेढीवर कारकून. पेढीनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मोडीत काढला. तो यानं हातगाडीवर टाकून घरी आणला. कशाला? तर धुळ्याला कोणी रतिलाल म्हणून आहे, तो कॉम्प्युटरचा क्लास काढतोय. त्याला शिकवायला माणूस पाहिजे, पण त्या माणसाला सगळ्या शिष्टीमा यायला पाहिजेत.

"शिष्टीम म्हंजे काय रे?"

"आबा, हा डबा म्हणजे तुमची गिरणी समजा. शिष्टीम म्हणजे आतला दगड. दगड बदलला की दळण बदलतं."

"मंग एक चांगला दगड बसव ना बाप्पा. रोज रोज कायले बदलतो?"

"शिकायला."

"दगड बदलू बदलू कोणी गिरणी शिकलं का?"

त्याला हसू आलं. मला नाही आलं. कारण तो डबा त्यानं ठेवला मधल्या खोलीत, माझ्या खाटेच्या पायथ्याशी, लोखंडी पेटीवर. माझी दुपारची झोप गेली. तो सुरू केला की आत पंखा घुंईं करायचा आणि मधूनच कुर्रर, कुर्रर, जसा कोठीत उंदीर दाणे कुरतडतो तसा. मी गिरणी चालू केली की त्याची काच थरथरायची आणि लीलाधर आतून ओरडायचा, "आबा, जरा थांबा!" आपल्या घरात, आपल्या गिरणीला, आपणच थांबायचं. बाया डोक्यावर डबे घेऊन उन्हात उभ्या.

काचेवर दर तासाला पीठ बसायचं. तो पुसायचा. पुन्हा बसायचं. म्हटलं, बरं झालं.

२

पहिली शिष्टीम होती डॉस. काळी पाटी, पांढरी अक्षरं, आणि एक टिकली लुकलुकत बसलेली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. सांगितलं तर करायची, नाही तर गप बसायची. काही विचारायची नाही.

मग त्यानं खिडक्यावाली आणली. रविवारची अख्खी दुपार एकामागं एक फ्लॉप्या घालत बसला. मी गिरणीत होतो. पट्टा सुटला म्हणून गिरणी थांबली, तेवढ्यात आतून चिंधी ओरडली.

"आबा! माझं नाव काचेत आलं!"

चिंधी माझी नात, लीलाधरची पोरगी. नुकती पाच पूर्ण झालेली. जूनमध्ये शाळेत घालायची होती. मी हात झटकत आत गेलो. ती बापाच्या मांडीवर बसून काचेवर बोट फिरवत होती.

"बापानं चिंधी लिहिलं का?"

"नाही. दुसरं. मोठं नाव."

लीलाधर माझ्याकडं बघेना.

आता हे सांगावं लागेल. लीलाधरची पहिली दोन पोरं राहिली नाहीत. एक बाळंतिणीच्या खोलीतच गेलं, दुसरं रांगायला लागलं आणि गेलं. ही तिसरी. आमच्याकडं अशा वेळी पोर सुपात घालतात, उकिरड्यावर नेऊन ठेवतात, आणि दुसऱ्या बाईनं ते टाकलेलं पोर म्हणून उचलून आणायचं. बेबाबाईनं हिला उचलली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळली. म्हणून चिंधी. जिला आपण कचरा म्हणतो तिच्याकडं कोण कशाला बघेल? बारशाला आत्यानं कानात चांगलं नाव सांगितलं, ते कानातच ठेवायचं. शाळेत नाव घालायचं तोवर कोणी उच्चारायचं नाही. आत्या धरून पाच माणसांना ते माहीत होतं, आणि पाच वर्षं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

ते मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्यानं विचारूही नये.

"कायले टाकलं?" मी म्हटलं.

"आबा, यानं नाव विचारलं. मी माझं टाकत होतो, ती म्हणाली माझं टाक. आता चिंधी काय टाकू? यात ते कायमचं राहतं. म्हटलं चांगलं टाकावं."

"एक महिना राह्यला होता शाळेले! एक महिना! तुले थांबवत नव्हतं?"

"अहो, ते काय बाहेर दिसतं का कोणाला? डब्यात आहे."

"काढ ते."

"काढतो ना."

"आत्ता काढ. मी इथीच उभा हाये."

३

पुसायला बराच वेळ लागला. काचेवर आकडा चढत होता, शंभरकडं. लीलाधर म्हणाला, आता पाटी कोरी, काही म्हणजे काही राहिलं नाही. तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पण याच्याकडं त्याच खिडक्यावालीची नवी पिढी आली होती, रतिलालनं पाठवलेली. पाटी कोरी आहेच तर ती चढवून बघू म्हणाला. मी म्हटलं चढव, पण मी उठणार नाही. बाहेर बाया बोंबलत होत्या, बोंबलू दे.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ती नाव विचारायच्या जागेवर आली. मला इंग्रजी येत नाही. लीलाधरनं दाखवलं, "हे बघा आबा, या चौकोनात नाव टाकायचं. आता मी माझं टाकतो. झालं समाधान?"

आणि थांबला.

चौकोन रिकामा नव्हता.

"काय लिव्हलं त्याच्यात?"

 एक बटण दाबून दाबून त्यानं ती अक्षरं खोडली, एक एक करून. स्वतःचं नाव टाकलं. ते मला ओळखू आलं, कारण त्याच्या पेढीच्या पिशवीवर असतं. पुढचं पान आलं. त्या पानावर मोठ्या अक्षरात काही तरी लिहिलं होतं, आणि खाली पुन्हा तेच. लीलाधरचं नाही. आधीचं.

मी ते दोनदा बघितलं होतं, मला पुरेसं होतं. डबे ओळखतो तसं ते ओळखायला लागलो. पहिली उभी काठी, मधला पोचा, शेवटचं वाटोळं.

"जुनं कुठं तरी चिकटून राहिलं असेल," लीलाधर म्हणाला.

ते मला पटलं, खोटं कशाला सांगू. मिरची दळल्यावर पुढच्या गव्हाचं पहिलं मूठभर पीठ तिखट लागतं. म्हणून आपण मधे ज्वारी घालतो, दगड धुऊन निघतो. मी त्याला म्हटलं, "मधे काही तरी फालतू दळून घे त्याच्यात."

"उद्या बघतो."

"आजचं काम उद्यावर ढकलनारा तू, तुह्याच्यानं धुळ्याचा क्लास काय चालनार?"

सुनंदा, माझी सून, चहा घेऊन आली होती. तिनं काचेकडं बघितलं. तिला इंग्रजी येतं. कपबशी खाली ठेवली आणि भिंतीतला खटका पाडला. काच लगेच विझली नाही. सगळा उजेड आकसत आकसत मधे आला, त्याचा टिपका झाला, आणि मग गेला. लीलाधर म्हणाला, जुन्या काचेचं असंच असतं. असेल. पण उजेड आकसला तेव्हा ते नावही त्याच्याबरोबर आकसलं. ते विझलं नाही, आत गेलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मे महिना, जळगावचं ऊन, पत्रा तापून टिणटिण वाजतोय. गिरणी बंद. मी ओट्यावर पंचा ओला करून डोक्यावर घेतलेला. चिंधी डब्यांच्या झाकणांनी खेळत होती.

"चिंधे, पाणी आन."

ती खेळत राहिली.

"चिंधे! बहिरी झाली काय?"

मान वळवली नाही. म्हटलं रुसली असेल. काल तिच्यासमोरच तिच्या बापाला बोललो होतो. पोरींना बापाचं लागतं.

मग तिनं झाकण खाली ठेवलं. मधल्या खोलीकडं बघितलं आणि म्हणाली, "ओ."

उठली आणि आत गेली.

घरात त्या वेळी कोणी नव्हतं. सुनंदा नळावर, लीलाधर पेढीवर, माझी बायको समोरच्या घरी पापड लाटायला. मी आत गेलो. चिंधी काचेसमोर उभी. काच काळी, लाईटच नव्हती.

"कोनी बोलावलं?"

"त्यांनी."

"कोन त्यांनी?"

"नावानं बोलावलं ना." असं म्हणून माझ्याकडं अशी बघितली, जसं मीच बहिरा.

माझी बायको द्रौपदाबाई. ती शिरपूरकडची. चाळीस वर्षं जळगावात राहून तिचं 'आहे'ला 'शे' म्हणणं सुटलं नाही. ती आल्यावर मी तिला सांगितलं. तिनं पोरीला जवळ ओढली. "कोनले ओ म्हनी राह्यनी तू?"  बायकोनं पोरीच्या कपाळाला हात लावला. "आंग तापेल शे इन्हं."

"मे महिन्यात दगड तापतो, पोर तापनार नही?"

"दगड ओ म्हनत नही."

मी पंचा पुन्हा ओला करून पोरीच्या डोक्यावर ठेवला. 

पोरं खेळतात. झाकणाशी बोलतात, बाहुलीशी बोलतात. माझ्या गिरणीवर येणाऱ्या पोरांमधला एक जण पट्ट्याशी बोलायचा. त्यात काय? असं मी स्वतःला दिवसभर सांगत होतो. पण एक सांगतो. त्या दिवसानंतर ती चिंधी म्हटलं की वळायची नाही. हात धरून ओढावं लागायचं. आणि मधेच, जेवताना, अंघोळीच्या वेळी, मान वर करून, "ओ."

दर वेळी ताप एक पायरी चढायचा.

५

डॉक्टरनं तपासलं. हे नाही, ते नाही, ऊन लागलं असेल म्हणाला. गोळ्या दिल्या. पातळ औषध दिलं. ते तिच्या पोटात राहत नव्हतं.

लीलाधर आता हसत नव्हता. तो पेढीवर गेलाच नाही. धुळ्याला जाऊन रतिलालकडून आणखी एक शिष्टीम घेऊन आला, परदेशातल्या पोरांनी बनवून फुकट वाटलेली. हिचा खिडक्यावालीशी काही संबंध नाही म्हणाला, वेगळ्या खाणीचा दगड. एवढंच नाही, त्यानं डब्याचे स्क्रू काढले आणि आतली ती पत्र्याची चपटी पेटी, जिच्यात सगळं साठतं म्हणतात, ती काढून नवीन बसवली. जुनी त्यानं ओट्यावर आणून ठेवली. मी हातात घेऊन बघितली. गार होती. त्या उन्हात, गार.

"आता कसं राहील आबा? जागाच बदलली."

बोलला तो माझ्याशी, पण विचारत स्वतःला होता.

ती फुकटवाली शिष्टीम चढली. काळी काच. वर दोन ओळी. खाली तिनं नाव विचारलं. लीलाधरनं मला सांगितलं, इथं आपण टाकलं तरच ही पुढं जाते. दोन्ही हात त्यानं मांडीवर ठेवले होते, मी बघत होतो. बटणांना कोणी शिवलं नाही.

पहिली उभी काठी आली. मग मधला पोचा. एक एक अक्षर, सावकाश, जसं कोणी पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतंय. शेवटचं वाटोळं पूर्ण झालं आणि मागं स्वयंपाकघरातून तापातली चिंधी म्हणाली, "ओ."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "माझी दोन गेली. तुम्हाला मोजता येतं ना? धुळ्याची नोकरी ठेवा तुमच्याकडं. माझी पोर मला द्या."

लीलाधर रडायला लागला. एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर. मला चीड आली. रडून डबा पुसला जातो का?

"डॉस घाल," मी म्हटलं. "ती पयली. ती काही विचारत नव्हती."

त्यालाही ते पटलं. डॉस एका फ्लॉपीवर मावते, वेळ लागत नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा आकडा शंभरपर्यंत. काळी पाटी आली. टिकली लुकलुकली. आम्ही तिघं श्वास धरून.

मग टिकली सरकली. एक ओळ आली.

"काय म्हनते?"

"नाव विचारतेय." लीलाधर मागं सरकला. "आबा, डॉस नाव विचारतच नाही. तिच्यात ती सोयच नाही. कुठं लिहिलेलंच नाही ते."

मी गिरणीत गेलो, दगडाला टाके घालायची छन्नी आणि हातोडा घेतला आणि परत आलो. काय व्हायचं ते होऊ दे, आज काचेचा चुरा करतो. हात उचलला तर स्वयंपाकघरातून धावत आलेल्या बायकोनं मनगट धरलं. तिच्या अंगात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं.

"नाव त्याम्हा शे."

"म्हनूनच फोडतो."

"आपली पोरनं नाव त्याम्हा शे, आनि तुम्ही त्याले फोडशात?"

हातोडा तसाच वर राहिला. सावकाश खाली घेतला. बाईचं खरं होतं. ज्या डब्यात दाणे आहेत तो डबा फोडत नाहीत.

काच लुकलुकत राहिली. मी खटका पाडला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लाईट गेली. पोरीचा ताप एवढा होता की तिच्या कपाळावरची ओली घडी वाळून कडक व्हायची. बायको आणि सून तिला मागं स्वयंपाकघरात घेऊन बसल्या होत्या, माठाजवळ, तिथं जरा गारवा. लीलाधर बर्फ आणायला गेलेला. मी मधल्या खोलीत खाटेवर बसलो. करायला काही नव्हतं. गिरणी बंद असली की माझे हात कशाच्याच कामाचे राहत नाहीत.

समोर ती काळी काच. तिच्यावर पीठ बसलेलं. पंच्यानं पुसलं.

काचेत खोली दिसत होती, वाकडी, फुगीर. दार. खुंटीवरची माझी टोपी. खाट, खाटेवर मी. माझ्या शेजारी चिंधी बसलेली, पाय खाली सोडून हलवत.

मला बरं वाटलं. उठली म्हणजे ताप उतरला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला मी हात बाजूला नेला.

सतरंजी. नुसती सतरंजी, तापलेली.

मागून बायकोच्या बांगड्या वाजल्या, घडी पिळल्याचं पाणी पडलं, पोरगी कण्हली. ती तिथंच होती. मी मान वळवली नाही. काचेत पाय हलत होते.

म्हातारपणी डोळ्यांना काहीही दिसतं. मोतीबिंदू आहे, डॉक्टरनं सांगितलंय. ऊन होतं, जेवलो नव्हतो. हे सगळं मी तेव्हाही स्वतःला सांगितलं. सांगून झालं आणि पाय हलतच होते.

मग मी बोललो. मी काही भगत नाही, मला मंत्र येत नाहीत. गिरणीवर गिऱ्हाईकाशी बोलतो तसाच बोललो.

"तू चुकीचा डबा उचलला," मी म्हटलं. "होतं असं. घाईत होतं. पन माझ्या गिरनीचा कायदा असा हाये की चुकून नेलेला डबा परत आनून ठेवायचा. तो पोरीचा हाये. त्याच्यात अजून काही भरलेलं नही. ठेव तो."

पाय हलायचे थांबले.

"रिकाम्या हातानं जाय असं म्हनत नही मी. माहा डबा घे."

आणि इथं मी अडकलो. कारण माझ्याकडं द्यायला नाव नव्हतं. माझं नाव उखर्डू. माझ्या आधीची सगळी गेली म्हणून मलाही उकिरड्यावर ठेवून उचललेलं. कानात दुसरं नाव सांगितलं होतं, असं आई शेजारणीला बोलली होती, मी ऐकलं होतं. पण शाळेत घालायच्या आधी गावात पटकी आली. आईबाप एका आठवड्यात गेले. आत्याही गेली. मामानं मला बोदवडला नेलं, मास्तरानं विचारलं नाव काय, मी म्हटलं उखर्डू. तेच लागलं. जे कानात सांगितलं ते जाणणारा जगात कोणी राहिला नाही. मी सुद्धा नाही.

तसं मी त्याला सांगितलं. "माह्या डब्यावर नाव टाकेल नही. मले मालूम नही ते. तूच शोध. तुले सापडलं तर घे."

लाईट नव्हती. पंखा बंद, भिंतीतला खटकाही बंद. पण डब्यात उंदीर कुरतडायला लागला. कुर्रर. थांबला. कुर्रर. शोधतोय असं. फार खोल, कोठीच्या तळाशी कुठं तरी, जिथं हात पोचत नाही तिथं.

मी उठून ओट्यावर जाऊन बसलो.

७

दिवस मावळायच्या आधी पोरीला घाम फुटला. उशी ओली झाली. तिनं भाकरी मागितली, दूध मागितलं, आजीचं लुगडं ओढलं. सुनंदा तिला पोटाशी धरून बाहेर ओट्यावर वाऱ्याला बसली होती. लीलाधरच्या हातात बर्फाची पिशवी गळत होती, ती खाली ठेवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

"औषध लागू पडलं," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "लागू पडलं."

तेवढ्यात लाईट आली. गिरणीचा बल्ब लागला. मी लीलाधरला म्हटलं, "डबा चालू कर."

"आता कशाला आबा? सकाळीच भंगारात देतो."

"त्याच्यात पोरीचं काही राह्यलं का ते पाह्यल्याशिवाय देशील? चालू कर."

त्यानं खटका दाबला. पंखा घुंईं झाला. काळी पाटी आली, टिकली आली, आणि तीच ओळ. नाव विचारणारी. पुढं नाव होतं.

मी वाकून बघितलं. पहिली उभी काठी नव्हती. मधला पोचा नव्हता. हे लांब होतं. असा डबा माझ्या गिरणीवर कधी आला नव्हता.

"हे तिचं नाही," लीलाधर म्हणाला. त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी तजेला आला. "आबा, तिचं गेलं! गेलं ते!"

बाहेर ओट्यावरून सुनंदानं हाक मारली, "चिंधे, अगं पडशील!" आणि चिंधीनं लगेच, पहिल्याच हाकेला, उत्तर दिलं, "नाही पडत!"

त्या वेळी मी उठून बाहेर जायला पाहिजे होतं. पोर बरी झाली, घर जागेवर आलं, आणखी काय पाहिजे होतं मला? पण लीलाधर पुढं वाकला होता. त्याला अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, लहानपणापासूनची सवय. तो ओठ हलवत एक एक जोडत होता. कोणाच्या तरी घरी फार नवसानं मूल झालं असावं असं ते नाव होतं. जुन्या वळणाचं. आता कोणी ठेवत नाही.

त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"आबा, आपल्यात या नावाचं कोणी होतं का?"

"नही," असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"ओ," मी म्हटलं.